गाडी तुझी, माल त्यांचा, मरण कुणाचं?

विमा कंपनी म्हणते, तू कामावर होतास, म्हणून पैसे नाहीत.

माल पोचवून घेणारी कंपनी म्हणते, तू आमचा कामगारच नाहीस, म्हणून पैसे नाहीत.

दोघांपैकी एक खोटं बोलतंय. पोरगं कामावर असेल तर कुणाच्या तरी कामावर असणार. कुणाच्याच कामावर नसेल तर ते आपल्या गाडीवर आपलं फिरत होतं, मग टाका विम्याचे पैसे. पण नाही. एका टेबलावर त्याला कामगार ठरवायचं, दुसऱ्या टेबलावर मालक ठरवायचं आणि दोन्ही टेबलांवरून रिकाम्या हातानं हाकलायचं. ह्या हुशारीला ह्या देशात धंदा म्हणतात. आम्ही हिला दरोडा म्हणतो.

मी गोदी कामगार. मुंबईच्या गोदीत ठेकेदाराकडं पोलादाच्या कॉइलींना साखळ्या बांधतो आणि सोडतो. पाळी नसली की कविता लिहितो. शिक्षण मॅट्रिक. गाव वैजापूर, जिल्हा छत्रपती संभाजीनगर. मोटार कायदा मी वकिली करायला वाचला नाही. धाकटा भाऊ चार महिने खाटेवर पडला म्हणून वाचला.

तुम्ही शहरातली पोरं. तुम्हाला वाटत असेल की डिलिव्हरी ही शहरातली भानगड, लिफ्टमधली, सोसायटीच्या गेटावरची. वैजापुरात येऊन बघा. सकाळी गाळ्यासमोर टेम्पो रिकामा होतो. पोरं पार्सलं वाटून घेतात. पाठीवर माणसाएवढी बॅग, पेट्रोलच्या टाकीवर दुसरी पिशवी. मग कुणी शिऊरला, कुणी खंडाळ्याला, कुणी महालगाव, कुणी लासूरगाव. समृद्धी महामार्ग आमच्याच तालुक्यातून गेलाय. त्यावर दुचाकीला बंदी. मालाचा ट्रक त्या गुळगुळीत रस्त्यानं येतो, आणि तोच माल शेवटच्या घरापर्यंत पोचवणारं पोरगं खड्ड्यातून जातं.

गाडी पोराची. वाळूजला १९८५ पासून बजाजचा कारखाना आहे. आमच्या जिल्ह्यातच गाड्या बनतात आणि आमचीच पोरं त्या हप्त्यानं घेतात. हप्ता पोराचा. पेट्रोल पोराचं. मोबाईल पोराचा, त्यातला डेटासुद्धा पोराचा. टायर, ऑईल, क्लचप्लेट पोराची. कंपनीचं काय? बॅगेवरचं नाव. आणि नफा.

भावाची गोष्ट थोडक्यात सांगतो. रडगाणं म्हणून नाही, पुरावा म्हणून. उसाची ट्रॉली रस्त्यात उभी होती, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. संध्याकाळची वेळ. भाऊ जाऊन धडकला. मांडीचं हाड मोडलं, गाडीचं पुढचं तोंड गेलं. पोलिसांनी पंचनामा केला आणि त्यात प्रामाणिकपणे लिहिलं की घटनास्थळी पार्सलांनी भरलेली बॅग मिळाली.

विम्याच्या सर्व्हेअरनं तेवढंच वाक्य उचललं. बॅग होती, म्हणजे गाडी धंद्याला होती. गाडी खासगी, विमा खासगी, वापर धंद्याचा. क्लेम नामंजूर. तोच पंचनामा घेऊन आम्ही पार्सलवाल्याकडं गेलो. तो म्हणाला, बॅग होती ते खरं, पण तो आमच्या पगारपत्रकावर नाही. वरच्या कंपनीला विचारा. वरची कंपनी म्हणाली, ठेकेदाराला विचारा. ठेकेदारानं विचारायच्या आधीच फुटलेल्या पार्सलांचे पैसे भावाच्या हिशोबातून कापून घेतले होते.

बघा. एकच बॅग. विमा नाकारायला ती पुरावा आहे. नुकसान वसूल करायला पुरावा आहे. फक्त मजुराला कामगार म्हणायची वेळ आली की ती बॅग कुणाला दिसत नाही.

आता तो विम्याचा कागद वाचू. विकताना एजंट तो कधी वाचून दाखवत नाही.

खासगी गाडीच्या पॉलिसीत 'वापराच्या मर्यादा' म्हणून एक कलम असतं. त्याचा मराठीत अर्थ असा : ही गाडी कशालाही वापरा, फक्त भाड्यानं किंवा मोबदल्यासाठी वापरू नका, नमुने आणि स्वतःचं सामान सोडून इतर माल नेऊ नका, शर्यती लावू नका. म्हणजे शर्यत लावून मरणारं बिल्डराचं पोरगं आणि चपलांचा जोड पोचवताना मरणारं आपलं पोरगं ह्या कलमात शेजारीशेजारी बसवलंय. एक माजापायी, एक पोटापायी. विम्याला दोन्ही सारखेच.

ह्या एका कलमानं तीन ठिकाणी कापतात.

पहिलं, गाडी. तिच्या दुरुस्तीचे पैसे नाकारतात.

दुसरं, पोरगं. विमा नियामकानं २०१८ मध्ये मालक-चालकाच्या सक्तीच्या अपघात विम्याची रक्कम १५ लाख केली. ऐकायला चांगलं वाटतं. मेला किंवा कायमचा अपंग झाला तर घरच्यांना आधार. पण वापराची मर्यादा मोडली तर दायित्व नाही, हा अपवाद पॉलिसीच्या सगळ्या भागांना लागतो, ह्या भागालाही. म्हणजे माय पोराची राख सावडून परत येईपर्यंत 'राखेत पार्सल होतं का' हे विचारायला कुणीतरी दारात हजर.

तिसरं, रस्त्यावरचा दुसरा माणूस. हे कुणी बोलत नाही, म्हणून नीट ऐका. थर्ड पार्टी विमा मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ नं सक्तीचा आहे. तो नसेल तर कलम १९६ प्रमाणे पहिल्या वेळी २००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. म्हणून आपली पोरं तो काढतातच. १ जून २०२२ ला ठरलेल्या दरानं ७५ ते १५० सी.सी.च्या गाडीला वर्षाला ७१४ रुपये. पण पोराच्या गाडीखाली एखादी म्हातारी आली तर? परवाना नसताना भाड्यानं वापर हा विमा कंपनीला मिळालेल्या कायदेशीर बचावांपैकी एक आहे, कलम १५० मध्ये. अशा भांडणात न्यायालयं पुष्कळदा एक मधला रस्ता काढतात : विमा कंपनीनं आधी जखमीला पैसे द्यावेत, नंतर गाडीच्या मालकाकडून वसूल करावेत. म्हातारीला न्याय मिळाला, बरं झालं, ती आपलीच. पण वसुली कुणावर? ज्याच्या मालासाठी गाडी पळत होती त्याच्यावर नाही. आर.सी. बुकावर ज्याचं नाव, त्याच्यावर. पार्सलमागं मोजके रुपये घेणाऱ्या पोरावर लाखांची वसुली. आयुष्य विकून फिटायची नाही.

इथं पांढरपेशे शहाणे बोलायला उठतात. म्हणतात, सही करायच्या आधी वाचायचं होतं. म्हणतात, मग धंद्याचा विमा काढा. म्हणतात, तुम्ही तर तुमचेच मालक, वाटेल तेव्हा काम करा, वाटेल तेव्हा बंद करा.

एकेकाचं उत्तर देतो.

वाचायचं होतं? कागद इंग्रजीत, अक्षर मुंगीएवढं. आणि वाचलं असतं तरी काय केलं असतं? कामावर घेताना कंपनी गाडीचा विमा मागते. कुठला विमा? खासगी गाडीचाच. तिला माहीत आहे की ह्या विम्यात माल नेणं बसत नाही. माहीत असून ती त्याच कागदाचा फोटो घेते, हिरवी खूण करते आणि दुसऱ्या मिनिटाला माल लादते. फसवणूक वाचता न येण्यात नाही. फसवणूक त्या हिरव्या खुणेत आहे.

धंद्याचा विमा काढा? गाडीची पाटी पांढरी. धंद्याच्या गाडीची पाटी पिवळी. धंद्याचा विमा धंद्याच्या नोंदणीला. म्हणजे कर, फिटनेस, आर.टी.ओ.च्या फेऱ्या, एजंटाची दक्षिणा. हे सगळं कुणी करायचं? ज्याची कमाई दिवसाला किती होईल हे त्यालाच ठाऊक नाही, त्यानं. आणि ज्याची कमाई दिल्ली-बंगलोरच्या काचेच्या ऑफिसात बसून मोजली जाते, त्यानं काय करायचं? जाहिरात.

गंमत अशी की कायदा ह्या गाडीला ओळखतो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम २, पोटकलम १४. मालवाहू गाडी म्हणजे फक्त मालासाठी बांधलेली गाडी नव्हे. तशी न बांधलेली पण माल नेण्यासाठी वापरलेली गाडीसुद्धा. ३००० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला परमिटची गरज नाही, हेही त्याच कायद्यात कलम ६६ मध्ये लिहिलंय. म्हणजे परमिटपुरता कायदा ह्या पोराला चोर म्हणत नाही. त्याला चोर ठरवतो तो विम्याच्या कागदावरचा बारीक टाईप.

आणि तुम्ही तुमचेच मालक? असला कसला मालक, ज्याला भाव ठरवता येत नाही, रस्ता ठरवता येत नाही, गिऱ्हाईक ठरवता येत नाही? दोन दिवस आजारी पडला तर ज्याचा आयडी बंद होतो तो मालक? मायला, एवढे मालक आमच्या आळीत झाले आणि उपास तेवढाच राहिला.

सरकारचंही बघा. १९ जानेवारी २०२३ ला महाराष्ट्र सरकारनं निर्णय काढला की पांढऱ्या पाटीच्या खासगी गाड्या ॲपवरून प्रवासी नेण्यासाठी वापरायच्या नाहीत. बाईक-टॅक्सीवाल्या कंपनीला उच्च न्यायालयानं थांबवलं, ७ फेब्रुवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानंही तिला दिलासा दिला नाही. कारण सांगितलं, प्रवाशांची सुरक्षा. मान्य. मागच्या सीटवर माणूस बसला की पांढरी पाटी बेकायदा. मग मागच्या सीटवर खोकं बसलं की? मुकाट्यानं चालू द्या. म्हणजे सरकारला काळजी मागं बसणाऱ्याची. पुढं बसून हँडल धरणाऱ्याचा जीव कुठल्या खात्यात मोडतो?

आमच्या तालुक्यानं रस्त्यावरची मरणं पाहिली आहेत. १५ ऑक्टोबर २०२३ ला जांबरगाव शिवारात समृद्धीवर मिनीबस कंटेनरवर आदळून १२ माणसं गेली. मंत्री बोलले, मदत जाहीर झाली. ती व्हायलाच हवी होती. पण डिलिव्हरीचं पोरगं बारानं मरत नाही. ते एकेकटं मरतं. एकट्या मरणाला मंत्री येत नाही, हवालदार येतो.

मी गोदीतला माणूस, म्हणून मला एक गोष्ट नक्की माहीत आहे. 'मालकच नाही' ही थाप नवी नाही.

गोदीत पूर्वी रोज सकाळी धक्क्यावर माणसांचा बाजार भरायचा. आज ह्या स्टीव्हडोरचं जहाज, उद्या त्या स्टीव्हडोरचं. टोळीवाला बोट दाखवील त्याला काम. जायबंदी झालं की सगळे हात वर करायचे, हा आमचा नाही, हा रोजचा. मग कामगार लढले आणि १९४८ चा गोदी कामगार रोजगार नियमन कायदा आला. मंडळ आलं. कामगाराची नोंद मंडळाकडं, मालकांकडून वर्गणी मंडळाकडं. ज्या दिवशी जहाज नाही त्या दिवशीही हजर राहिल्याचे पैसे. माथाडी, हमाल भाऊंचंही तेच. रोज वेगळी पेढी, रोज वेगळा व्यापारी. आण्णासाहेब पाटलांच्या मागं ते उभे राहिले आणि १९६९ चा माथाडी कायदा झाला. पाठीवर कुणाची गोणी आहे एवढं बघा, तो मालक. त्याच्याकडून लेव्ही घ्या. महाराष्ट्रानं हे सत्तावन्न वर्षांपूर्वी नाही म्हणता म्हणता मान्य केलं.

मग आज पाठीवर गोणीऐवजी बॅग आली तर गणित बदलतं कसं?

त्याच्याही आधी इंग्रजाच्या राज्यात, १९२३ मध्ये, कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला. कामावर असताना, कामामुळं इजा झाली तर भरपाई मालकानं द्यायची. गोऱ्या सरकारला शंभर वर्षांपूर्वी कळलं ते ॲपवाल्यांना कळत नाही असं नाही. कळतं. म्हणून तर 'कामगार' हा शब्दच त्यांनी कागदावरून पुसला. पार्टनर! भागीदार! नफ्यात नाही, फक्त अपघातात भागीदार.

आपल्या वाडवडिलांना हा शब्दांचा खेळ ओळखीचा आहे. गावाचा सांगावा नेणारा, सरकारी टपाल पळवणारा, मयताची खबर गावोगाव देणारा तो आपलाच आज्जा होता. पाय त्याचे, काठी त्याची, घोंगडं त्याचं, काम साऱ्या गावाचं आणि रात्रंदिवसाचं. मजुरी मागितली की म्हणायचे, तू नोकर कुठं, तू तर वतनदार! वतनदार! १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाचं बिल मांडलं ते ह्याच लबाडीवर घाव घालायला. काम ठरवा, कामाचे तास ठरवा, काम घेणारा ठरवा, मोबदला ठरवा. काल वतनदार म्हणून राबवलं, आज पार्टनर म्हणून राबवतात. मोठं नाव देऊन फुकट राबवायची ही रीत आपल्याला शिकवू नका.

आता नव्या कायद्याकडं. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० सालची, लागू झाली २१ नोव्हेंबर २०२५ ला. तिनं गिग आणि प्लॅटफॉर्म कामगार हा शब्द पहिल्यांदा केंद्राच्या कायद्यात आणला. ॲपवाल्या कंपन्यांनी वर्षाच्या उलाढालीच्या १ ते २ टक्के निधीत भरायचे, पण कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त नाही. त्यातून अपघात विमा, आरोग्य वगैरेच्या योजना. हे फुकट मिळालेलं नाही. संघटनांनी भांडून मिळवलंय, आणि ३१ डिसेंबर २०२५ ला देशभरच्या डिलिव्हरी कामगारांनी संपाची हाक दिली ती भांडण संपलं नाही म्हणूनच.

पण वाचा नीट. त्याच संहितेनं गिग कामगाराची व्याख्या करताना तो मालक-नोकर ह्या पारंपरिक नात्याच्या बाहेरचा, असं लिहून ठेवलंय. एका हातानं दिलं, दुसऱ्या हातानं दाराला कडी घातली. आणि दुसरं असं की त्या योजना पोराच्या हाडामांसाच्या. त्यानं हप्त्यावर घेतलेल्या गाडीचं काय? त्याच्यावर येणाऱ्या वसुलीचं काय? तिथं संहिता गप्प. नीती आयोगानं २०२२ मध्ये सांगितलं की देशात २०२०-२१ साली ७७ लाख गिग कामगार होते आणि २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होतील. एवढ्या माणसांच्या गाडीचा विमा हा बारीक टाईपचा प्रश्न राहत नाही.

आणि हे अशक्य आहे असं कुणी सांगू नका. स्पेननं २०२१ मध्ये कायदा करून अन्न पोचवणाऱ्या रायडरला नोकर मानलं. इंग्लंडात माल पोचवणाऱ्या खासगी गाडीला तासाच्या हिशोबानं धंद्याचा विमा मिळतो. जेवढे तास काम, तेवढाच हप्ता. आपल्याकडं पोरगं कुठल्या मिनिटाला कुठल्या वळणावर आहे हे मोबाईलवर कंपनीला दिसतं. उशीर झाला तर मिनिटं मोजून पैसे कापतात. तीच मिनिटं मोजून विमा भरता येत नाही?

म्हणून आमचं म्हणणं असं :

एक. ज्याचा माल, त्याचा विमा. पोरगं काम उचलतं त्या क्षणापासून घरी परत येईपर्यंत त्याच्या गाडीचा धंद्याचा विमा काम देणाऱ्या कंपनीनं भरावा. ठेकेदार मधे उभा केला तरी जबाबदारी वरच्या कंपनीची.

दोन. खासगी दुचाकीच्या पॉलिसीत माल पोचवण्याची जोड विमा नियामकानं सक्तीची करावी. फक्त बॅग सापडली म्हणून सगळा क्लेम नाकारायला बंदी करावी.

तीन. लॉगिनची नोंद, ऑर्डरची नोंद अपघातानंतर लगेच कामगाराच्या हातात द्यावी. तो कंपनीचा गुपित माल नाही, तो पोराच्या हजेरीचा कागद आहे.

चार. महाराष्ट्रात माथाडीच्या धर्तीवर डिलिव्हरी कामगारांचं मंडळ व्हावं. प्रत्येक पार्सलमागं लेव्ही. मुंबईतल्या पार्सलावरही आणि महालगावच्या पार्सलावरही.

हे होईल तेव्हा होईल. तोवर हातावर हात ठेवून बसायचं नाही. ज्यांचा क्लेम 'खासगी गाडी धंद्याला वापरली' म्हणून नामंजूर झालाय त्यांनी तो कागद फाडू नये. सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये, खासगी विम्याची गाडी टॅक्सी म्हणून वापरताना चोरीला गेली त्या खटल्यात, दाव्याच्या ७५ टक्के रक्कम देणं योग्य ठरवलं. २०१० मध्ये भाड्यानं दिलेल्या खासगी गाडीच्या अपघातातही सांगितलं की विमा कंपनीला सगळाच दावा उडवता येणार नाही. हे निकाल एजंट सांगणार नाही, आपण सांगायचं. पुण्याला विमा लोकपाल आहे, तक्रारीला पैसे लागत नाहीत. आधी विमा कंपनीकडं लेखी तक्रार करा, आणि तिच्या नकारानंतर वर्षाच्या आत लोकपालाकडं जा. जिल्हा ग्राहक आयोगात पॉलिसीसाठी भरलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर फी नाही, मुदत दोन वर्षांची. भावाचा अर्ज आम्ही टाकलाय. लढतोय.

शहरातल्या दोस्तांनो, तुम्हाला इंग्रजी येतं, तुमच्याकडं लॅपटॉप आहे. कविसंमेलनात आमच्या घामावर टाळ्या वाजवता, आता त्या हातांनी हे काम करा. आपापल्या वस्तीत रविवारी एक टेबल टाका. पोरांना म्हणावं, पॉलिसी घेऊन या. ते 'वापराच्या मर्यादा' कलम मराठीत मोठ्यानं वाचून दाखवा. नामंजुरीची पत्रं गोळा करा, तारखेवार लावा, अर्ज लिहून द्या. एकटं पोरगं कागद घेऊन गेलं की त्याला पार्टनर म्हणून हाकलतात. तोच कागद घेऊन दोनशे पोरं, दोनशे गाड्या, दोनशे बॅगा कंपनीच्या दारात उभ्या राहिल्या की त्यांना पार्टनर म्हणायची कुणाची छाती होते ते बघू.